किल्ल्याकडचा शेवटचा नंबर

"वाल्मीक, शेवटचं सांगते," प्रमिलाबाई मागून माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तिकडे कुणालाही गाडीत घ्यायचं नाही. हात केला तरी नाही, हातापाया पडला तरी नाही. सीट सोडायच्या आणि रिकामं परत यायचं."

"बाई, सकाळपासून सातव्यांदा सांगताय. मी काय बालवाडीत आहे का आता?"

"बालवाडीत तरी ऐकायचास," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसलेले दोघं फिदीफिदी हसले.

माझी रिक्षा पुलाच्या तोंडाशी उभी होती. पुढे तीनशे पावलांचा पूल, खाली नावापुरती नदी आणि पलीकडे किल्ला. म्हणजे किल्ल्याभोवतीची सगळी वस्ती. आम्ही तिला नुसतं 'किल्ला' म्हणायचो आणि ते आम्हाला 'पेठ' म्हणायचे. शहर एकच, नगरपालिका एकच. पण दंगलीनंतरच्या बारा वर्षांत पेठेची एकही रिक्षा पूल ओलांडून गेली नव्हती आणि किल्ल्याची एकही इकडे आली नव्हती. तशी कुणी बंदी घातली नव्हती. आमची गाडी पुलाच्या अलीकडे सीट उतरवायची, माणसं सामानसुमान घेऊन पूल चालायची आणि पलीकडे त्यांच्या गाडीत बसायची. बाळंतीण असो की पाय मोडलेला म्हातारा, पूल पायीच. बाहेरगावचा पाहुणा "असं का हो?" म्हणून विचारायचा, तेव्हाच आम्हाला त्यात काही विचित्र असल्याचं आठवायचं.

मी सव्वीस वर्षांचा होतो. तोंडाने तिखट आणि मनातून भित्रा. पहिली गोष्ट सगळ्या स्टँडला माहीत होती, दुसरी फक्त मला. दंगलीत माझ्या वडिलांची रिक्षा याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला जळाली होती. वडील उडी मारून वाचले, पण त्यानंतर त्यांनी कधी हँडल धरलं नाही. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले होते, "जातोस तर जा. पण मला सांगून जाऊ नको." मी तरीही सांगून आलो होतो, कारण न सांगता जायचीही भीती वाटत होती.

हा सगळा उद्योग प्रमिलाबाईंचा. त्या माझ्या बालवाडीच्या बाई. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, बाई पुलाच्या आमच्या टोकाला सतरंजी टाकून बसल्या. पलीकडच्या टोकाला त्यांची मैत्रीण नर्गिसआपा, शिवणकाम करणारी. दोघींच्या पुढ्यात एकेक डबा आणि चिंचोक्यांचा ढीग. डोक्यावर, कडेवर किंवा हातात ओझं घेऊन पूल चालणारं माणूस दिसलं की डब्यात एक चिंचोका टाकायचा. दोन वर्षं, दर मंगळवारी. आम्ही रिक्षावाले त्यांची टिंगल करायचो. "बाई, सारीपाट कधी मांडताय?" असं मीच एकदा विचारलं होतं.

मग एक दिवस दोघींनी मोठ्या पुठ्ठ्यावर सगळ्या शहराच्या शेअर रिक्षांचा नकाशा काढून आणला. पेठेच्या लाइनी निळ्या, किल्ल्याच्या तांबड्या. आम्ही आमच्या लाइनी बघून माना डोलावल्या आणि तांबड्या बघायला खाली वाकलो. तिकडेही 'आंब्याचं झाड' नावाचा स्टॉप होता आणि आमच्यासारखाच तिकडेही आंबा कधीच तोडलेला होता. निळ्या लाइनी पुलापाशी येऊन थांबत होत्या, तांबड्याही तिथेच थांबत होत्या. मध्ये बोटभर कोरा पुठ्ठा. बाईंनी डबा उघडून सगळे चिंचोके त्या कोऱ्या जागेवर ओतले. ते तिथे मावेनात, नकाशाभर पसरले.

त्यानंतर सहा महिने दोन्ही स्टँडवर घासाघीस चालली. अखेर आठ दिवसांचा प्रयोग ठरला. रोज दोन्हीकडून एकेक गाडी पूल ओलांडेल, सीट समोरच्या स्टँडवर सोडेल आणि रिकामी परत येईल. तिकडची सीट उचलायची नाही. आणि एक जरी भांडण झालं, तरी प्रयोग त्याच दिवशी बंद, पुन्हा विषय नाही.

रिकामं परत यायची अट कशासाठी, हे रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही. शेअर रिक्षाचा धंदा नंबरावर चालतो. आमच्या स्टँडवर त्र्यंबकअण्णा नावाचे नंबर लिहिणारे होते. कडुलिंबाला टांगलेल्या फळ्यावर ते गाड्यांचे नंबर खडूने एकाखाली एक लिहायचे. सगळ्यात वरची गाडी भरली की अण्णा शिट्टी मारायचे, तिचा नंबर पुसायचे आणि लगेच तळाशी पुन्हा लिहायचे. पाळी आली आणि गाडी हजर नसली, तर ती पुन्हा तळाशी. पाहुणी गाडी असली तर नुसतं पुसायचे, खाली लिहायचे नाहीत. स्टँडच्या जवळपास उभी असलेली सीट ही वरच्या नंबराची. ती दुसऱ्या कुणी उचलली तर त्याला म्हणायचे 'नंबर मोडला'. आमच्यात याहून मोठा गुन्हा नाही. नंबर मोडणारा कितीही वर असो, त्याला पुसून शेवटचा नंबर. अण्णांनी एकदा आपल्या सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नव्हतं.

पहिल्या दिवसासाठी अण्णांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं. "वा! माझ्यासारखा दुसरा कोण जाणार?" असं मी मोठ्याने म्हणालो, आणि चिठ्ठीवर माझंच नाव आहे ना, ते पुन्हा वाचून बघितलं.

"निघ आता," अण्णा म्हणाले आणि त्यांनी शिट्टी मारली.

पूल ओलांडायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पुलावरची चालती माणसं कठड्याला चिकटून आमच्याकडे बघत होती. पलीकडचं टोक आलं, वडिलांची गाडी जळाली ती जागा आली आणि मागेही गेली. तिथे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं.

किल्ल्याचा स्टँड पुलापासून हाकेच्या अंतरावर. चौदा गाड्या ओळीने उभ्या. पत्र्याच्या टपरीला टेकवलेला फळा, त्यावर खडूने नंबर आणि शेजारी स्टुलावर मुनाफचाचा. पांढरी दाढी, गळ्यात दोऱ्याला बांधलेली शिट्टी. फळा अगदी आमच्यासारखाच, कोपरा फुटलेला. मी सीट उतरवल्या. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सवारी उतारी?"

"हो."

"तो जाव."

झालं. बाई परतीला माझ्याबरोबरच येणार होत्या, त्या मागे बसून राहिल्या. मी गाडी वळवली. इतकं हलकं वाटत होतं की मी बहुतेक शीळही घातली असेल. स्टँडपासून चाळीस पावलं गेलो असेन, तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एका बुरख्यातल्या म्हातारीने हात केला.

रिक्षावाल्याचा पाय डोक्याला विचारून ब्रेकवर जात नाही. हात दिसला की पाय जातो. गाडी थांबली. म्हातारी वाकली, "पुलापार जाती ना, बेटा?" आणि मी, देवाशप्पथ सांगतो, वर्षानुवर्षं रोज पन्नास वेळा म्हणायचो तसं म्हणालो, "बसा."

ती बसलीसुद्धा.

"वाल्मीक!" बाई एवढ्या जोराने ओरडल्या की म्हातारी दचकली.

मागे शिट्टी वाजली. लांब, थांबून थांबून. ती कशाची शिट्टी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमचे अण्णाही तशीच वाजवायचे.

पंधरा-वीस जणांनी गाडीला गराडा घातला. सगळ्यात पुढे माझ्याच वयाचा एक जण, रईस त्याचं नाव हे नंतर कळलं. "नंबर की सवारी उठाई इसने! हमारी आँखों के सामने!"

"मी काय चोरी केली का?" मी म्हणालो. बाईंनी मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठ दिवस निळा होता.

"चोरी नहीं तो क्या है? पहला नंबर मेरा था!"

तोवर यंत्रमागाच्या कारखान्यातून, चहाच्या दुकानातून माणसं यायला लागली होती. रिक्षावाले नंबराबद्दल ओरडत होते, पण मागून आलेल्यांना नंबर कळत नव्हता. "पेठवाला है," असं कुणीतरी म्हणालं. ते एकाचं दुसऱ्याने ऐकलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. कुणीतरी माझ्या रिक्षाच्या टपावर थाप मारली. वडिलांना सांगून आलो ते बरं झालं की वाईट, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

मुनाफचाचा सावकाश चालत आले. त्यांना घाई नव्हती. वाट मिळेपर्यंत ते थांबले, मग माझ्यासमोर उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तुमच्या स्टँडवर नंबर असतो का?"

"असतो."

"नंबर मोडला तर काय करतात?"

"शेवटचा नंबर देतात."

"हं," चाचा म्हणाले. "आमच्याकडे पण."

"चाचा, नंबर-वंबर कुछ नहीं," रईस म्हणाला. "भगाव इसको. कल से उधर का कोई नहीं आएगा, बस."

"सजा देनी है के नहीं देनी?"

"देनी है!" पाच-सहा जण एकदम म्हणाले.

"तो फळे पे लिखना पडेगा."

"ये अपने स्टँड का थोडी है!"

"फळ्यावर नाही त्याला शेवटचा नंबर कसा देऊ?" चाचा शांतपणे म्हणाले. "तूच बोल रईस. सजा देऊ, की तसाच सोडू?"

रईसने डोकं खाजवलं. तसाच सोडणं त्याला अजिबात पटण्यासारखं नव्हतं. "सजा देव," तो म्हणाला.

चाचांनी जाऊन फळ्याच्या तळाशी खडूने लिहिलं : ४१२. माझ्या गाडीचा नंबर. मग मागून आलेल्या गर्दीकडे वळून म्हणाले, "हो गया फैसला. अब स्टँड का मामला है, तमाशा नहीं. चलो." गर्दी कुरकुरत पांगली. माझ्यापुढे चौदा गाड्या होत्या. म्हणजे तीन तास तरी.

बाई गाडीतून उतरल्या. "मी जाते," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पेठेत. वाल्मीकला धरून ठेवलंय, असं माझ्याआधी कुणी जाऊन सांगितलं तर काय होईल, कळतंय का तुला? तू इथून हलायचं नाही. आणि तोंड उघडायचं नाही. दोन वर्षं, वाल्मीक. दोन वर्षं मी त्या पुलावर बसले."

त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. छत्रीचा काठीसारखा आधार घेत त्या पुलाकडे चालायला लागल्या. ज्या पुलावरून लोकांना चालावं लागू नये म्हणून त्यांनी एवढं केलं, त्यावर त्या दिवशी माझ्यामुळे त्यांनाच चालावं लागलं. ती लाज मला आजही वाटते.

मी गाडी ओळीच्या शेवटी नेऊन लावली. म्हातारी मागेच बसून होती.

"खाला, उतरा ना," मी म्हणालो. "मला तीन तास लागतील."

"तो लगने दे. पैदल नहीं जाती मैं. बारह दिन हुए, मेरा चष्मा तेरे पेठ की दुकान में पडा है. पुल चला नहीं जाता मेरे से. कोई लाके नहीं देता."

"पण मी पेठेचा आहे, हे दिसलं नाही का तुम्हाला? पुढे एवढा मोठा गणपती लावलाय."

"अरे, दिखता तो चष्मा किसको चाहिए था?" म्हातारी म्हणाली. "आज से गाडी पुलापार जाती, इतना सुना था. आवाज आया, हात किया."

तिचं नाव खैरूनबी. पिशवीतून तिने कागदात बांधलेली भजी काढली आणि मला दिली. मला एक घास गिळवत नव्हता, पण नाही म्हणायचीही छाती नव्हती. तिने मला किती भाऊ, लग्न झालं का, नाही तर का नाही, हे सगळं विचारून घेतलं. बाईंनी तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं, पण खैरूनबीपुढे ते कुणालाच जमलं नसतं.

एक गाडी भरून गेली की ओळीतला प्रत्येक जण खाली उतरायचा आणि इंजिन न लावता आपली गाडी ढकलत एक जागा पुढे न्यायचा. आमच्याकडेही तसंच करतात, पेट्रोल वाचतं. मी दर वेळी खैरूनबीसकट माझी गाडी ढकलत होतो. सहाव्या-सातव्या वेळी गाडी एकदम हलकी लागली. मागे वळून पाहिलं तर रईस एका हाताने माझी गाडी ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःची ओढत होता. तो खेप टाकून आला होता आणि फळ्यावर त्याचा नंबर माझ्याखाली लागला होता.

"तेरे पीछे लगना पडा मेरे को," तो वैतागून म्हणाला. "बैठ, बैठ. बुढिया को लेके कितना ढकलेगा?"

"बुढिया किसको बोला?" आतून खैरूनबी म्हणाली.

मी हसणारच होतो, तेवढ्यात माझं लक्ष पुलाकडे गेलं. पूल रिकामा होता.

दुपारी साडेबाराला तो पूल कधीच रिकामा नसतो. आता त्यावर एकही माणूस नव्हतं आणि पलीकडे आमच्या टोकाला काळी गर्दी दिसत होती. माणसं ओळखू येत नव्हती, पण दंगल पाहिलेल्या माणसाला रिकाम्या पुलाचा अर्थ कळतो. किल्ल्याच्या दुकानदारांनाही तो कळला. एकाने शटर अर्धं ओढलं.

रईस धावत फळ्याकडे गेला. "चाचा, छोड दो उसको. उधर लोग जमा हो रहे."

"कितनी गाड्या है उसके आगे?"

"सात."

"तो सात के बाद जाएगा."

मी न राहवून पुढे गेलो. "चाचा, मला जाऊ द्या. मी त्यांना सांगतो, काही झालं नाही म्हणून. उद्यापासून मी पुलाकडे फिरकणार नाही."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग अर्ध्या ओढलेल्या शटरकडे पाहिलं. "आता सोडलं तर तिकडे म्हणतील, घाबरून सोडलं. इकडे म्हणतील, मार खायच्या भीतीनं पळाला. नंबरानं गेलास तर म्हणतील, नंबरानं गेला. जा, गाडीत बस."

मी जाऊन बसलो. माझ्या आयुष्यात त्याहून लांब अर्धा तास आलेला नाही. खैरूनबीने बडबड थांबवली होती आणि ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. गाड्या सुटत होत्या, आम्ही ढकलत होतो, आणि दर वेळी मी पुलाकडे बघत होतो. रिकामा. पुन्हा बघत होतो. रिकामा.

मग त्या टोकाहून काहीतरी हललं. डोक्यावर पाटी घेतलेली एक भाजीवाली पुलावर आली आणि रोजच्यासारखी झपाझप चालायला लागली. तिच्यामागे सायकल हातात धरून एक जण. त्याच्यामागे पोराला कडेवर घेतलेली बाई. बघता बघता पूल पुन्हा भरला. शटर खडाखडा वर गेलं. मी हँडलवर डोकं टेकून बसलो.

"क्या हुआ?" खैरूनबीने विचारलं.

"लोकं चालायला लागली, खाला."

"शुक्र है," ती म्हणाली. "अब वो भजी खा."

माझी पाळी आली तेव्हा पावणेदोन झाले होते. पुलापार जाणारे चौघं झाले : मागे खैरूनबी, कापडाचे तागे घेतलेला एक विणकर आणि त्याची बायको, आणि माझ्याशेजारी अंग चोरून बसलेला एक शाळामास्तर. चाचांनी शिट्टी मारली. फळ्यावरचं सगळ्यात वरचं ४१२ त्यांनी कापडाने पुसलं. आणि मी बघत असतानाच तळाशी पुन्हा लिहिलं, ४१२.

म्हणजे अजून सुटका नाही?

"चाचा, सजा संपली ना?"

"चल, निकल," चाचा वर न बघता म्हणाले. "पीछेवाले का नंबर खराब मत कर."

पुलाच्या आमच्या टोकाला अर्धा स्टँड उभा होता. सगळ्यांच्या पुढे माझे वडील. बारा वर्षांत ते पुलाच्या जवळसुद्धा आले नव्हते. मी गाडी थांबवली तर ते माझ्याशी न बोलता गाडीभोवती फिरले, टपाला, काचेला, मडगार्डला हात लावून पाहिला.

"हात लावला कुणी?"

"कुणी नाही, दादा. ढकलली फक्त."

"ढकलली?" त्यांचा आवाज चढला.

"नंबरात. पुढे सरकवायला. बरोबर म्हातारी होती ना, म्हणून मागच्याने ढकलली."

दादांनी मडगार्डवरचा हात काढून माझ्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

बाई कडुलिंबाच्या पारावर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांवर ओली फडकी. इकडे काय झालं ते त्यांनीच सांगितलं. त्या पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पोरं गोळा झाली होती, काहींच्या हातात दगड होते. बाई कितीही ओरडल्या तरी त्यांचं कुणी ऐकेना. तेवढ्यात त्र्यंबकअण्णांनी त्यांना विचारलं, "धरला कशासाठी?" बाई म्हणाल्या, "स्टँडजवळ त्याने सीट उचलली. शेवटचा नंबर दिलाय."

"मग तुम्ही काय म्हणालात, अण्णा?" मी विचारलं.

"काय म्हणणार?" अण्णा म्हणाले. "बरोबर केलं म्हणालो. मीपण तेच केलं असतं. नंबर मोडायचा आणि वर दगड मारायचे, हे कुठलं? पोरांना म्हटलं, ज्याला जायचं त्याने जावं, पण आपल्या फळ्यावरचा प्रत्येक रिक्षावाला इथे थांबेल. मग कुणी हललं नाही." ते माझ्याकडे वळले. "आणि तू रे गाढवा! एवढं एकच सांगितलं होतं ना?"

"चुकलं, अण्णा. पण शिक्षा भोगली ना मी? तीन तास बसलो. आणि तरी त्या म्हाताऱ्याने माझा नंबर परत खाली लिहिला!"

"काय केलं?"

"वरचा पुसला आणि परत तळाशी लिहिला. माझ्यासमोर. आता ही कसली शिक्षा?"

बाईंनी गुडघ्यांवरची ओली फडकी काढून हातात घेतली. मग अण्णा हसायला लागले. त्यांना हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"अरे येड्या," ते म्हणाले, "गाडी सीट घेऊन गेली की नंबर पुसून परत खाली लिहितात. कुणाचा लिहितात?"

"स्टँडच्या गाडीचा," मी म्हणालो.

म्हणालो आणि मग मला कळलं. डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि सगळ्यांदेखत आलं. मला वाचवायला म्हाताऱ्याने शिक्षा दिली होती, आणि शिक्षा द्यायची म्हणून फळ्यावर घेतलं होतं, आणि शिक्षा संपल्यावर पुसलं नव्हतं. बाईंनी ओलं फडकं डोळ्यांना लावलं. गुडघ्यांसाठी होतं ते.

"अरे, रोना बाद में," गाडीतून खैरूनबी ओरडली. "चष्मे की दुकान बंद हो जाएगी!"

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तो आठ दिवसांचा प्रयोग कधी संपला, हे कुणी ठरवलंच नाही, त्यामुळे तो अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिठ्ठ्या टाकायची वेळ आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "काल भांडण झालंच नाही, नंबराची शिक्षा झाली. आणि चिठ्ठी कशाला? तिथे ज्याचा नंबर लागलाय तो जाईल." आणि पेठेच्या फळ्यावर तळाशी त्यांनी एक जागा मोकळी ठेवली. आदल्या दिवशीच्या गोंधळात तिकडची गाडी निघालीच नव्हती, ती पहिली गाडी येईल तिच्यासाठी. ती गाडी रईसची निघाली.

मी साडेदहाला किल्ल्याच्या स्टँडवर पोचलो आणि सीट उतरवल्या. चाचांनी स्टुलावरून माझ्याकडे रागाने पाहिलं.

"अब आ रहा है? सकाळपासून दोनदा तुझा नंबर आला. गाडी कुठे?"

"पण चाचा, मला काय माहीत..."

"स्टँड का है, और नंबर माहीत नाही?" त्यांनी खडूने फळ्याच्या तळाकडे बोट दाखवलं. "आता शेवटी. जा, लाव."

नंबर हुकला की मी अख्ख्या स्टँडशी भांडायचो. त्या दिवशी इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि गाडी ढकलत ओळीच्या शेवटी नेऊन लावली.